तोंड बधिर करणारे फवारे आणि न मोजली जाणारी मात्रा

दाढ ठणकत असताना, तोंड आलेले असताना किंवा नवी कवळी हिरडीला लागत असताना डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घेतला जाणारा बधिरकारक फवारा बहुतेक घरांत दाढेत धरलेल्या लवंगेइतकाच निरुपद्रवी मानला जातो. प्रत्यक्षात त्यातील बेंझोकेन किंवा लिग्नोकेन ही द्रव्ये दंतवैद्य दात काढताना ज्यांची सुई देतात त्या भूलद्रव्यांच्याच कुळातील असून, मात्रेचे भान त्यांच्याबाबतीतही तितकेच आवश्यक असते.

मज्जातंतूच्या आवरणातील ज्या सूक्ष्म मार्गांतून सोडियमचे कण आत शिरतात आणि वेदनेचा संदेश पुढे सरकतो, ते मार्ग ही द्रव्ये काही काळ अडवून धरतात. त्यामुळे दुखण्याचे कारण जागच्या जागी राहते, केवळ त्याची जाणीव मेंदूपर्यंत पोहोचत नाही. यात एक अडचण अशी की, पू झालेल्या किंवा सुजलेल्या जागी ऊतींची आम्लता वाढलेली असते आणि लिग्नोकेनसारखे द्रव्य अशा आम्ल परिसरात मज्जातंतूच्या आत नीट शिरू शकत नाही, तर त्याच जागची त्वचा सोललेली व रक्तपुरवठा वाढलेला असल्याने ते रक्तात मात्र अधिक वेगाने उतरते. म्हणजे जिथे आराम सर्वांत कमी पडतो तिथेच शोषण सर्वांत जास्त होते, आणि आराम पडत नाही म्हणून रुग्ण पुन्हा पुन्हा फवारत राहतो. गोळी मोजून घेता येते. बटण किती वेळ दाबून धरले आणि त्यातले किती गिळले गेले, हे सहसा कोणी मोजत नाही.

बेंझोकेनचा सर्वांत गंभीर धोका रक्ताशी निगडित आहे. रक्तातील हिमोग्लोबिन हे प्रथिन आपल्यातील लोहाच्या आधारे प्राणवायू वाहून नेते. बेंझोकेनमुळे क्वचित या लोहाचे रूप असे बदलते की ते प्राणवायू धरूच शकत नाही. या विकाराला मेथेमोग्लोबिनेमिया म्हणतात. औषध वापरल्यानंतर काही मिनिटांपासून एक-दोन तासांच्या आत ओठ, नखे व त्वचा निळसर किंवा राखाडी दिसू लागते, धाप लागते, डोके दुखते, गरगरते, आणि काढलेले रक्त चॉकलेटी रंगाचे दिसते. करोनाकाळात घरोघरी आलेले, बोटाला लावायचे ऑक्सिमीटर येथे फसवे ठरते, कारण या विकाराने गंभीर रूप धारण केले तरी त्याचा आकडा ८५ च्या आसपास अडकून राहतो. म्हणून आकड्यापेक्षा ओठांच्या रंगावर विश्वास ठेवून रुग्णाला तातडीने रुग्णालयात न्यावे आणि कोणते औषध वापरले ते सांगावे. मेथिलीन ब्लू या औषधाने बहुतेक रुग्ण बरे होतात, मात्र जी-६-पीडी या विकराची जन्मजात कमतरता असणाऱ्यांना ते औषध अपायकारक ठरू शकते, ही माहितीही डॉक्टरांना द्यायला हवी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ साली १९७१ पासूनच्या अशा ४०० हून अधिक प्रकरणांचा हवाला देऊन दोन वर्षांखालील मुलांच्या तोंडात बेंझोकेन मुळीच वापरू नये, असे बजावले.

बाळाला दात येताना हिरडीवर लावलेले कोणतेही बधिरकारक औषध लाळेबरोबर काही मिनिटांत वाहून जाते, त्यामुळे त्याचा उपयोग नगण्य आणि धोका मात्र खरा असतो. लिग्नोकेन अधिक प्रमाणात पोटात गेल्यास बाळाला झटके येऊ शकतात व हृदयाची लय बिघडू शकते. स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरडी हळुवार चोळणे किंवा थंड केलेले, पण गोठवलेले नव्हे, असे चावण्याचे खेळणे देणे हाच येथे योग्य उपाय होय.

प्रौढांनी खरेदीपूर्वी वेष्टनावरील द्रव्याचे नाव व टक्केवारी वाचावी, कारण लिग्नोकेनच्या १० टक्क्यांच्या फवाऱ्यातून एका दाबासरशी सुमारे १० मिलिग्रॅम औषध बाहेर पडते, आणि त्याच द्रव्याचे जेलही चालू असेल तर दोन्हींची बेरीज शरीरात होते. फवारा दुखऱ्या जागेपुरताच मारावा, घशाच्या आत नव्हे. घसा बधिर झाला की अन्न वा पाणी श्वासनलिकेत जाण्याची भीती असते. संवेदना पूर्ण परत येईपर्यंत, साधारण तासभर, जेवण आणि विशेषतः कढत चहा टाळावा, कारण गाल चावला गेला किंवा जीभ भाजली तरी कळत नाही. सुईच्या भुलीची पूर्वी ॲलर्जी झालेल्यांनी, तसेच दमा, हृदयविकार वा फुप्फुसाचा जुना आजार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे औषध हाती घेऊ नये.

महाराष्ट्रात या विषयाला आणखी एक, अधिक चिंतेची बाजू आहे. तंबाखू, गुटखा आणि अनेक स्त्रिया दात घासण्यासाठी वापरतात ती मिश्री, या सर्वांचा तोंडाच्या कर्करोगाशी संबंध आहे आणि तो कर्करोग सुरुवातीला साध्या फोडासारखाच दिसू शकतो. तोंड आल्याचे साधे व्रण बहुधा एक-दोन आठवड्यांत भरून येतात. दोन-तीन आठवडे उलटूनही न भरणारा व्रण, न पुसला जाणारा पांढरा वा लाल चट्टा, किंवा तोंड पूर्वीइतके न उघडणे यांपैकी काहीही आढळल्यास, फवाऱ्याने आराम पडत असला तरी, ती जागा दंतवैद्याला दाखवून गरज पडल्यास तिचा तुकडा तपासून घ्यावा.