देवाला न मानता नीतीने वागता येते काय?

पेण/रोहा : गणेशमूर्तींसाठी देशोदेशी नावाजलेले पेण आणि धावीर महाराजांच्या पालखीला पोलिसांची मानवंदना देणारे रोहा ही रायगड जिल्ह्यातील दोन्ही गावे श्रद्धेच्या परंपरेत मुरलेली आहेत. ‘देव बघतो आहे’ असे सांगूनच येथे अनेक घरांत मुलांना वळण लावले जाते. पण एखाद्या मुलाने ‘देव नसलाच तर?’ असे विचारले, तर खोटे का बोलू नये याचे उत्तर काय द्यायचे? हा प्रश्न जुना असला तरी निव्वळ पुस्तकी नाही. गैरव्यवहारांच्या तक्रारींनंतर रिझर्व्ह बँकेने २०१० मध्ये पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध घातले आणि असंख्य ठेवीदारांची पुंजी अडकली. विश्वास मोडला की समाजाचे काय होते, हे पेणकरांनी तेव्हा जवळून पाहिले.

ईश्वर हाच पाया

नीतीचे मूळ ईश्वरात आहे, असे मानणारे दोन थोर पुरुष याच भागातले. स्वाध्याय परिवाराचे प्रणेते पांडुरंगशास्त्री आठवले यांचा जन्म १९२० मध्ये रोह्यात झाला. प्रत्येकाच्या हृदयात भगवंत आहे, म्हणून कोणीही माणूस तुच्छ नाही, हे त्यांच्या विचाराचे सूत्र होते. ते केवळ प्रवचनात राहिले नाही. ‘योगेश्वर कृषी’मध्ये गावकरी आळीपाळीने सामायिक शेतावर श्रम करतात. पीक देवाचे मानले जाते आणि त्यातून गरजूला प्रसाद म्हणून मदत मिळते. घेणाऱ्याला मिंधेपणा येत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. या कार्यासाठी त्यांना १९९६ मध्ये मॅगसेसे आणि १९९७ मध्ये टेम्पल्टन पुरस्कार मिळाला.

पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. १९५१ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या भूदान चळवळीमागेही हीच भूमिका होती. जमीन ईश्वराची आहे, माणूस तिचा मालक नव्हे, असे ते मानत. या दोघांच्या दृष्टीने देव हा धाक दाखवणारा फौजदार नव्हता. माणसामाणसांतील नात्याचा तो आधार होता.

दुसरी परंपरा

विनोबांचा जन्म सप्टेंबर १८९५ चा. त्याच वर्षी जून महिन्यात पुण्यात गोपाळ गणेश आगरकर यांचे निधन झाले होते. ईश्वराचे अस्तित्व मानवी बुद्धीला कळण्यासारखे नाही, असे मानणाऱ्या या ‘सुधारक’कारांनी मोठ्या पगाराच्या नोकरीचा मोह टाळला आणि तुटपुंज्या वेतनावर शिक्षणकार्याला वाहून घेतले. विरोधकांनी जिवंतपणी त्यांची प्रेतयात्रा काढली, तरी ते डगमगले नाहीत. परलोकातील बक्षिसाची आशा नसतानाही त्यांनी हा त्याग केला.

रायगड जिल्ह्यातच, महाड येथे २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. देवधर्माची साक्ष काढूनच माणसांना पाण्यापासून दूर ठेवले जात होते. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी धम्मात नीतीलाच ईश्वराचे स्थान असल्याचे प्रतिपादन केले. माणसाने माणसावर प्रेम करण्याची गरज ही नीतीची जननी असून तिला देवाच्या मंजुरीची आवश्यकता नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

पेच कोठे आहे?

ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या ‘युथिफ्रो’ या संवादात या वादाची गाठ सापडते. एखादी गोष्ट देवांना आवडते म्हणून ती चांगली, की ती मुळात चांगली म्हणून देवांना आवडते? पहिले खरे मानल्यास देवाने क्रौर्याची आज्ञा दिली तर तेही चांगले ठरेल. दुसरे खरे असेल, तर चांगुलपणाला देवाहून वेगळी कसोटी आहे. देवाचा स्वभावच चांगुलपणाचा आहे, असे उत्तर आस्तिक विचारवंत यावर देतात. भारतीय परंपरेलाही हा विचार परका नाही. बौद्ध व जैन दर्शनांनी जगाचा कर्ता ईश्वर न मानता अहिंसेचा आग्रह धरला. वेद प्रमाण मानणाऱ्या पूर्वमीमांसेनेही धर्मासाठी ईश्वराची गरज मानली नाही.

येथे दोन प्रश्न वेगळे करावे लागतात. योग्य काय, हे कशावरून ठरते? आणि कळलेले वळते कशाने? पहिल्या प्रश्नाचे उत्तर सहानुभूती, परस्परविश्वास आणि विवेक यांतून मिळू शकते. चोरी वाईट, कारण तिने दुसऱ्याचे नुकसान होते. हे समजण्यास श्रद्धा लागत नाही. दुसरा प्रश्न अधिक कठीण आहे. कोणी पाहत नसताना मोह आवरण्याचे बळ अनेकांना प्रार्थनेतून आणि सोबतच्या भाविकांतून मिळते. देव न मानणाऱ्यांना त्यासाठी घर, शाळा, संघटना आणि चोख कायदा यांचा आधार उभारावा लागतो. तो आपोआप मिळत नाही.

म्हणून देवाविना नीती शक्य आहे, हे आगरकरांच्या आयुष्याने दाखवले, तर श्रद्धेतून नीतीला केवढे बळ मिळू शकते, हे रोह्याच्या पांडुरंगशास्त्रींनी दाखवले. देव्हारा असलेल्या घरातही लबाडी वाढू शकते आणि नसलेल्या घरातही सचोटी रुजू शकते. बुडालेल्या ठेवीसाठी हेलपाटे घालणाऱ्याला समोरचा आस्तिक की नास्तिक, याच्याशी कर्तव्य नसते. त्याला हवा असतो तो दिलेल्या शब्दाला जागणारा माणूस.