फोनचा ड्रायव्हर कोणी द्यायचा?

मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात येणाऱ्या सगळ्याच फोनांना सोल्डरिंग किंवा नवा डिस्प्ले लागत नाही. कोणी पॅटर्न विसरलेलं असतं, कोणाचा फोन अपडेट अर्धवट राहून लोगोवर अडकलेला असतो, कोणाला जुना फोन विकण्याआधी रिकामा करून हवा असतो. गिऱ्हाईक म्हणतं, ‘फॉरमॅट मारून द्या’. नुसता हार्ड रिसेट पुरेल की सॉफ्टवेअर मारावं लागेल, हे दुकानदार फोन पाहून ठरवतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडपासून तालुक्याच्या एस.टी. स्टँडसमोरच्या टपरीपर्यंत हे काम रोज चालतं आणि ते सोपं समजलं जातं. ते तसं नाही. यातला सर्वांत कच्चा दुवा असतो तो फोन ज्याला जोडायचा तो दुकानातला संगणक. तो कच्चा राहतो, कारण फोन बनवणाऱ्या बऱ्याच कंपन्या अडचणीच्या वेळी लागणारे ड्रायव्हर (संगणकाला फोन ओळखायला लावणारे छोटे प्रोग्राम) आणि मूळ सॉफ्टवेअर उघडपणे देत नाहीत. ते त्यांनी द्यावेत आणि सरकारने द्यायला लावावेत, असं माझं मत आहे. स्वस्त दुरुस्तीचा मुद्दा त्यात आहेच, पण माझं मुख्य कारण सुरक्षिततेचं आहे.

आधी रिसेट नेमकं काय करतो ते पाहू. फोनच्या मेमरीचे भाग पाडलेले असतात. अँड्रॉइडची मूळ प्रणाली एका भागात, आपले फोटो, ॲप, संदेश आणि पासवर्ड दुसऱ्या भागात. सेटिंग्जमधून केलेला असो, की बंद फोनवर पॉवर आणि व्हॉल्यूमचं बटण एकत्र दाबून उघडलेल्या रिकव्हरीतून, रिसेट पुसतो तो हा दुसरा भाग. जुन्या अँड्रॉइडवर हे पुसणंही अर्धवट होतं. केंब्रिज विद्यापीठातल्या लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पाच कंपन्यांचे २१ वापरलेले फोन तपासले होते, अँड्रॉइड २.३ ते ४.३ वर चालणारे. रिसेट झाल्यावरही त्यांतून खासगी माहिती आणि गूगल खात्यात शिरायला उपयोगी पडणारी टोकन परत मिळवता आली. पुढे चित्र पालटलं. अँड्रॉइड ७ मध्ये प्रत्येक फाइल स्वतंत्रपणे कूटबद्ध करण्याची सोय आली आणि अँड्रॉइड १० सह बाजारात उतरणाऱ्या फोनांना ती सक्तीची झाली. अशा फोनवर रिसेट करताना कूटबद्ध माहितीची किल्लीच नष्ट होते. चिपवर काही उरलं तरी ते कोणाला वाचता येत नाही. म्हणून रिसेटनंतरही फोनच्या मेमरीतले फोटो काढून देतो, असं नव्या फोनबाबत कोणी म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. आणि बटण दाबण्याआधी ‘बॅकअप घेतलाय का?’ हे दुकानदाराने विचारलंच पाहिजे. तो प्रश्न न विचारता केलेला रिसेट मला अक्षम्य वाटतो.

पण मूळ प्रणालीचाच भाग बिघडला असेल, तर रिसेट कितीही वेळा करा, फोन लोगोवरच थांबतो. तिथे कंपनीचं सॉफ्टवेअर बाहेरून पुन्हा भरावं लागतं, म्हणजे फ्लॅश करावं लागतं. त्यासाठी फोन संगणकाला जोडायचा आणि विंडोजने तो ओळखायचा. यूएसबीवर जोडलेलं प्रत्येक उपकरण आपले दोन क्रमांक सांगतं: एक बनवणाऱ्याचा, दुसरा त्या उपकरणाचा. गूगलचा क्रमांक १८डी१, चिप बनवणाऱ्या क्वालकॉमचा ०५सी६ आणि मीडियाटेकचा ०ई८डी. विंडोज हे क्रमांक आपल्याकडच्या ड्रायव्हरांच्या आयएनएफ फायलींशी ताडून पाहतं. जुळले तर ड्रायव्हर लागतो, नाहीतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या नावापुढे पिवळा त्रिकोण दिसतो. पंचाईत अशी, की एकाच फोनला असे अनेक चेहरे असतात. चालू फोन फोटो कॉपी करायला जोडला की त्याचा ड्रायव्हर विंडोजमध्ये आधीच असतो. यूएसबी डीबगिंग चालू केलं की वेगळं उपकरण दिसू लागतं, फास्टबूट या फ्लॅश करण्याच्या अवस्थेत नेलं की आणखी वेगळं. आणि फोन पूर्ण डेड असेल, तर फक्त चिपमधला कायमचा कोरलेला प्रोग्राम जागा होतो. क्वालकॉमच्या बाबतीत तेव्हा ‘क्यूडी-लोडर ९००८’ नावाचं पोर्ट दिसतं. ड्रायव्हर नसेल तर तेही दिसत नाही, अनोळखी उपकरणाची एक ओळ तेवढी दिसते.

मीडियाटेकच्या चिपवर हे काम करताना पाहण्यासारखं असतं. फोन बंद करायचा, व्हॉल्यूमचं बटण दाबून धरायचं आणि केबल लावायची. संगणकाचा ‘टिंग’ आवाज येतो, डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत मीडियाटेकचं पोर्ट उमटतं आणि एखाद-दोन सेकंदांत नाहीसं होतं, कारण पलीकडून कोणी बोललं नाही तर फोन पुढे आपल्या वाटेने सुरू व्हायला लागतो किंवा चार्जिंगवर जातो. त्या तेवढ्या वेळात विंडोजने ड्रायव्हर शोधणं, बसवणं आणि फ्लॅश टूलने पोर्ट पकडणं शक्य नसतं. म्हणून जाणते कारागीर ड्रायव्हर आधीच हाताने बसवून ठेवतात आणि नेहमी एकाच यूएसबी पोर्टला फोन लावतात. पोर्ट बदललं की विंडोज त्याला नवं उपकरण समजून पुन्हा सगळी जुळवाजुळव करू शकतं. केबलही तपासून घेतात. साध्या यूएसबी केबलमध्ये लाल आणि काळी तार विजेची, हिरवी आणि पांढरी माहितीची. नुसत्या चार्जिंगच्या स्वस्त केबलमध्ये शेवटच्या दोन नसतातच. ड्रायव्हरवर तासभर डोकं आपटल्यावर दोष केबलचा निघतो, हे या धंद्यात नेहमीचं आहे.

आता खरा प्रश्न. हा ड्रायव्हर येतो कुठून? ६४ बिटी विंडोज व्हिस्टापासून कर्नलमध्ये, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, चालणाऱ्या ड्रायव्हरवर डिजिटल सही असणं बंधनकारक आहे, आणि २०१६ मधल्या विंडोज १० च्या १६०७ आवृत्तीपासून नव्या कर्नल ड्रायव्हरवर खुद्द मायक्रोसॉफ्टची सही लागते. हा नियम योग्य आहे. कर्नलमध्ये शिरलेल्या प्रोग्रामला संगणकावर काहीही करता येतं. तो पासवर्ड वाचू शकतो, अँटिव्हायरसला आंधळं करू शकतो. पण कंपनीने दिलेला ड्रायव्हर मिळत नसेल, तर कारागीर तो कुठल्याशा फाइल-साठवणीच्या साइटवरून उतरवतो. त्यावर चालणारी सही नसली की विंडोज ५२ क्रमांकाची चूक दाखवतं. मग शिफ्ट दाबून रीस्टार्ट, स्टार्टअप सेटिंग्ज आणि एफ-७: सहीची तपासणी बंद. सोबतचं टूल क्रॅक केलेलं असेल तर सूचनांमध्ये पहिलीच ओळ असते, अँटिव्हायरस बंद करा. कारागिराला गिऱ्हाईक समोर उभं असताना काम संपवायचं असतं, म्हणून तो बंद करतो. आणि मग याच संगणकावर दिवसभर लोकांचे फोन जोडले जातात, याच संगणकावरून दुकानाचं बँकेचं काम होतं, आधार कार्डाच्या प्रती छापल्या जातात. एका अडकलेल्या फोनसाठी उघडलेलं दार शेकडो लोकांच्या माहितीकडे जातं. दोष कारागिराच्या निष्काळजीपणावर टाकणं सोपं आहे, पण सुरक्षित मार्गच उपलब्ध नसताना तो दोष मी त्याच्या माथी मारणार नाही.

यावर नेहमी येणारा आक्षेप चोरांचा: ड्रायव्हर आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना दिलं तर चोरीचे फोन पुसून विकणं सोपं होईल. हा आक्षेप वस्तुस्थितीवर टिकत नाही. ॲपलने आयफोनचं संपूर्ण सॉफ्टवेअर पुन्हा भरण्याची सोय वर्षानुवर्षं सर्वांना दिलेली आहे. साध्या संगणकावर कोणीही बिघडलेला आयफोन रिस्टोअर करू शकतो. पण २०१३ मध्ये आयओएस ७ सोबत ॲक्टिव्हेशन लॉक आलं. तेव्हापासून चोराने फोन कितीही वेळा रिस्टोअर केला तरी तो मालकाचा पासवर्ड मागतो, कारण नोंद ॲपलच्या सर्व्हरवर असते. गूगलही आपल्या पिक्सेल फोनांचं मूळ सॉफ्टवेअर आणि विंडोजचा यूएसबी ड्रायव्हर उघडपणे देतं, नव्या फोनांवर तर ब्राउझरमधून फ्लॅश करता येतं. अँड्रॉइड ५.१ पासून, म्हणजे २०१५ पासून, रिकव्हरीतून रिसेट केलेला फोन आधीचं गूगल खातं किंवा जुनं स्क्रीनलॉक मागतो. अँड्रॉइड १५ ने ही पकड आणखी घट्ट केली. शिवाय बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्राम) कुलूपबंद असलेला फोन कंपनीची सही असलेलंच सॉफ्टवेअर स्वीकारतो. म्हणजे कुलूप फोनमध्ये आणि सर्व्हरवर आहे, ड्रायव्हर लपवण्यात नाही. चोरीच्या फोनावर आपल्याकडे वेगळा उपायही आहे. दूरसंचार विभागाने सप्टेंबर २०१९ मध्ये सीईआयआर ही फोनांच्या आयएमईआय ओळख-क्रमांकांची नोंदवही प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली ती महाराष्ट्र आणि गोव्याच्या पट्ट्यातच, आणि मे २०२३ पासून ‘संचार साथी’ पोर्टलवरून ती देशभर उघडली. तिथे तक्रार झालेला फोन देशातल्या कुठल्याच नेटवर्कवर चालू नये अशी ती व्यवस्था आहे. ड्रायव्हर दडवून चोराचं काही अडत नाही. त्याच्या ओळखीच्या दुकानात क्रॅक टूल असतंच. अडतं ते ज्याचा फोन खरोखर त्याचा आहे त्याचं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे आणि तो मी मान्य करतो. क्वालकॉमच्या त्या ९००८ अवस्थेत ड्रायव्हर असून भागत नाही. चिपशी बोलायला फोन-कंपनीची सही असलेली आणखी एक प्रोग्रामर फाइल लागते. ती नुसती लिहीत नाही, मेमरी वाचूही शकते. जुन्या, कूटबद्ध नसलेल्या फोनांवर अशी फुटलेली फाइल हाती आली की स्क्रीनलॉक असूनही माहिती बाहेर काढता येते. तेव्हा ती फाइल जशीच्या तशी खुली करा, असं मी म्हणणार नाही. पण कंपनीला फक्त सही केलेलं सॉफ्टवेअर लिहिणारी आणि काहीही वाचू न देणारी आवृत्ती बनवता येते. ते काम कंपनीचं आहे आणि ते तिच्या आवाक्यात आहे. शिवाय कूटबद्ध फोनातून मेमरी वाचली तरी हाती निरुपयोगी आकडेच लागतात. त्यामुळे या आक्षेपाची धार दरवर्षी कमी होत चालली आहे.

अधिकृत सर्व्हिस सेंटर असताना बाहेरच्याने सॉफ्टवेअरला हात का लावावा, असंही विचारलं जातं. गडचिरोलीच्या आतल्या भागातून किंवा कोकणातल्या एखाद्या वाडीवरून सर्व्हिस सेंटर गाठण्यात दिवस आणि रोजगार जातो, हे उत्तर पुरेसं आहे. चुकीच्या हातून फोन बिघडेल ही भीती मात्र खरी आहे, आणि ती माझ्याच बाजूचा पुरावा आहे. मीडियाटेकच्या फ्लॅश टूलमध्ये ‘डाउनलोड ओन्ली’ आणि ‘फॉरमॅट ऑल’ हे पर्याय एकाच यादीत असतात. दुसरा निवडला तर आयएमईआय आणि नेटवर्कचं कॅलिब्रेशन जपणारा भागही पुसला जाऊ शकतो. फोन सुरू होतो, पण *#०६# दाबल्यावर क्रमांक येत नाही आणि सिम चालत नाही. मग तो क्रमांक पुन्हा लिहून देणारी माणसं भेटतात आणि कारागीर नकळत गुन्ह्याच्या हद्दीत पोचतो, कारण आयएमईआयशी छेडछाड करण्यावर २०१७ पासून नियम आहेत आणि २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पन्नास लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. कंपनीच्या अधिकृत, मर्यादित टूलमध्ये तो दुसरा पर्याय ठेवायची गरजच पडली नसती.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू केलं. मोबाइल हे त्यातल्या चार क्षेत्रांपैकी एक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेले नियम याहून पुढे जातात. तिथे सुटे भाग सात वर्षं मिळाले पाहिजेत आणि भाग बदलण्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर व्यावसायिक दुरुस्ती करणाऱ्यांना भेदभाव न करता द्यावं लागतं. आपल्या पोर्टलवर मुख्यतः सर्व्हिस सेंटरचे पत्ते, माहितीपुस्तिका आणि वॉरंटीच्या अटी यांचे दुवे असतात. त्यांच्याच शेजारी प्रत्येक मॉडेलसाठी तीन गोष्टी हव्यात: त्या फोनच्या प्रत्येक अवस्थेचा सही केलेला ड्रायव्हर, मूळ सॉफ्टवेअरची फाइल आणि ती अस्सल आहे हे तपासायचा हॅश. मॉडेलची विक्री थांबल्यावरही या फायली तिथेच राहिल्या पाहिजेत, कारण दुरुस्तीला फोन येतात ते बहुधा त्यानंतरच. त्याचा खर्च फार नाही. वेळेचा शिक्का मारलेली डिजिटल सही प्रमाणपत्राची मुदत संपल्यावरही विंडोज ग्राह्य धरतं, त्यामुळे ड्रायव्हरवर दरवर्षी नव्याने सही करावी लागत नाही. ती फाइल नुसती सर्व्हरवर ठेवायची असते.