घाम गाळा, कोंबा, उजळा!

परीक्षा तोंडावर आली की इंग्रजी बोलणारा विद्यार्थी नुसता 'स्टडी' करत नाही. बोलीत त्याच्याकडे त्यासाठी किती तरी रंगतदार क्रियापदं आहेत. एकेक उघडून बघा.

स्वॉट अप : 'स्वॉट' हे 'स्वेट'चं, म्हणजे घामाचंच बोलीतलं रूप. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश लष्करी विद्यार्थ्यांत तो रुळला, तोही आधी गणितासाठी! सतत पुस्तकात डोकं घालून बसणाऱ्या मुलाला आजही ब्रिटनमध्ये 'स्वॉट' म्हणून चिडवतात.

मग अप : आपल्याकडे याचा अर्थ सरळसरळ घोकंपट्टी. ब्रिटनमध्ये मात्र एखाद्या विषयाची झटपट तयारी करणं. पण जरा जपून! नुसतं 'मग' करणं म्हणजे वाटेत गाठून लुटणं.

बोन अप : हे अमेरिकी. लंडनचे प्रकाशक हेन्री बोन यांची अभिजात ग्रंथांची भाषांतरं विद्यार्थी वापरत, त्यावरून हा शब्द आला, असं सांगतात. गोष्ट खमंग आहे, पण तिला ठोस पुरावा नाही.

रील ऑफ : रिळावरून दोरा सरसर सुटावा, तशी पाठ केलेली यादी न अडखळता म्हणणं. आपलं 'घडाघडा' ते हेच. गंमत म्हणजे पाठ झालेलं इंग्रजीत हृदयात राहतं, 'बाय हार्ट'. मराठीत ते तोंडपाठ, मुखोद्गत नाही तर कंठस्थ होतं.

क्रॅम : मूळ अर्थ ठासून कोंबणं. भरलेल्या बॅगेवर बसून चेन ओढावी, तसे आदल्या रात्री पाच धडे डोक्यात कोंबायचे. सकाळी एक काढायला जावं, तर चार बाहेर सांडतात.

ब्रश अप : शिकलेल्यावरची धूळ झटकणं. आपल्या 'उजळणी'तही तेच चित्र आहे : तांब्याचा गडू चिंचेनं घासला की पुन्हा लखलखतो, आणि ठेवून दिला की पुन्हा काळवंडतो.

मग कोंबणं आणि उजळणी, या दोघांतलं सरस काय? जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी निरर्थक अक्षरं स्वतःच पाठ करून स्मरणशक्ती तपासली आणि 1885 मध्ये निष्कर्ष छापले. एका बैठकीतल्या 68 आवर्तनांनी जे साधलं, तेच तीन दिवसांत विभागलेल्या 38 आवर्तनांनी साधलं!

तेव्हा घरात कोणी दहावी-बारावीला असेल, तर त्याला शेवटच्या रात्री जागवू नका. आजपासून रोज थोडी उजळणी करून घ्या.