माहिती चौकट: आधी साप्ताहिक, मग संघटना

बाळ ठाकरे (23 जानेवारी 1926 – 17 नोव्हेंबर 2012). वडील 'प्रबोधन'कार केशव सीताराम ठाकरे, संयुक्त महाराष्ट्र चळवळीतले नेते. 'फ्री प्रेस जर्नल'मधली व्यंगचित्रकाराची नोकरी सोडून बाळासाहेबांनी बंधू श्रीकांत यांच्यासह 13 ऑगस्ट 1960 रोजी साप्ताहिक 'मार्मिक' सुरू केले. शिवसेना स्थापन झाली 19 जून 1966 रोजी. म्हणून 'मार्मिक'ला नुसते पक्षाचे मुखपत्र म्हणणे अपुरे आहे. पक्षच त्याच्या वाचकांतून उभा राहिला. 'वाचा आणि थंड बसा' या सदरात कंपन्यांतल्या अमराठी अधिकाऱ्यांची नावे ओळीने छापली जात, आणि नोकरीसाठी वणवण करणाऱ्या मराठी तरुणांचा राग त्या याद्यांभोवती गोळा झाला. हे सारे वडिलांच्या पुण्याईवर झाले, असा आक्षेप घेता येईल. घराण्याचा आधार होताच; पण ते नाव 1960 पूर्वीही होते, दर आठवड्याला हाती पडणाऱ्या याद्या नव्हत्या.

गिरणगाव, मुंबईतला कापड गिरण्यांचा भाग. काळाचौकी, लालबाग, परळ हा तेव्हा कम्युनिस्टांचा बालेकिल्ला होता. तिथले कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांच्या हत्येनंतर 1970 साली परळच्या पोटनिवडणुकीत वामनराव महाडिक शिवसेनेचे पहिले आमदार झाले.

शिवसेनेचे दैनिक 'सामना'. सुरुवात 1980 च्या दशकाच्या अखेरीस. 1992-93 च्या मुंबईतल्या दंगलींची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाने त्यातल्या लिखाणाचीही दखल घेतली.