बाल्डोनेलची शंभर वर्षं

आयर्लंडच्या एअर कोअरचं पहिलं विमान लढण्यासाठी घेतलेलंच नव्हतं. ते घेतलं होतं एका माणसाला सुखरूप घरी आणण्यासाठी. 1921 च्या अखेरीस लंडनमध्ये ब्रिटिश सरकारशी वाटाघाटी चालू होत्या आणि आयरिश शिष्टमंडळात स्वातंत्र्यलढ्याचा नेता मायकेल कॉलिन्स होता. बोलणी फिसकटली तर त्याच्या जिवाला धोका होता. म्हणून चार्ल्स रसेल आणि जॅक मॅकस्वीनी या वैमानिकांनी मार्टिनसाइड बनावटीचं एक प्रवासी विमान गुपचूप विकत घेऊन इंग्लंडातच तयार ठेवलं. 6 डिसेंबरला तह झाला आणि विमानाची गरज पडली नाही. पुढच्या जूनमध्ये ते डब्लिनजवळच्या बाल्डोनेल तळावर येऊन दाखल झालं. कॉलिन्सच्या टोपणनावावरून त्याला सगळे 'बिग फेला' म्हणत. ऑगस्टमध्ये, तहावरून पेटलेल्या यादवी युद्धात, खुद्द कॉलिन्स मारला गेला.

या दलाच्या शंभर वर्षांचा हिशेब मांडायला बसलं की हे पहिलं विमान मला पुन्हा पुन्हा महत्त्वाचं वाटतं. आपल्याला हवाई दल नेमकं कशासाठी हवं, हे आयरिश सरकारांना कधीच नीट ठरवता आलं नाही. लढाऊ विमानं आली ती थोडी आणि उशिरा, बऱ्याचदा दुसऱ्यांनी वापरून झालेली. ज्या कामात या दलाने खरोखर नाव काढलं, ते काम मात्र माणसं वाचवण्याचं होतं.

सुरुवातीचा ताफा पहिल्या महायुद्धातून उरलेल्या ब्रिटिश विमानांचा होता. ब्रिस्टल फायटर, एसई 5ए आणि शिकाऊंसाठी अॅव्ह्रो 504 ही त्यातली मुख्य. 1924 मध्ये 'एअर कोअर' हे नाव मिळालं, पण पैसा मिळाला नाही. तरी त्या काळातला एक दिवस जगाच्या लक्षात राहिला. 12 एप्रिल 1928 रोजी 'ब्रेमेन' हे युंकर्स विमान बाल्डोनेलहून उडालं आणि सुमारे 36 तासांनी कॅनडाच्या ग्रीनली बेटावर उतरलं. पूर्वेकडून पश्चिमेकडे, समोरचा वारा अंगावर घेत, विमानाने न थांबता अटलांटिक ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. विमानात कोल आणि फॉन ह्यूनफेल्ड या दोन जर्मनांसोबत एअर कोअरचा प्रमुख जेम्स फिट्झमॉरिस होता. पुढच्याच वर्षी त्याने नोकरी सोडली. असा माणूस घरात असताना त्याच्या हातून काय घडवायचं, हे त्या घराला सुचलं नाही, याची हळहळ वाटते.

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिलं. अख्ख्या देशाच्या आकाशाची राखण करायला चार ग्लॅडिएटर दुपंखी, सोबतीला काही अॅन्सन, वॉलरस आणि लायसँडर. ब्रिटन स्वतःच संकटात, तेव्हा नवीन विमानं विकणार कोण? मग ती आकाशातूनच खाली आली. 1940 च्या सप्टेंबरात वेक्सफर्ड परगण्यात रॉयल एअर फोर्सचं एक हरिकेन भरकटून शेतात उतरलं. आयरिश सैनिकांनी वैमानिकाला नजरकैदेत ठेवलं, विमान ताब्यात घेतलं, दुरुस्त केलं आणि ब्रिटनला रीतसर किंमत मोजून आपल्या ताफ्यात घेतलं. पंखांवर आयरिश खूण रंगवली आणि क्रमांक दिला 93. पुढच्या वर्षी अशीच आणखी दोन हरिकेन उतरली, त्यांचे क्रमांक 94 आणि 95. शेतात पडलेलं, मोडलेलं यंत्र उचलून आणून पुन्हा उडवणारे बाल्डोनेलचे मेकॅनिक हे या काळाचे खरे नायक आहेत. इतिहासाच्या पुस्तकांत त्यांना एखादीच ओळ मिळते, याचं मला वाईट वाटतं.

युद्धानंतर सीफायर आली, दोन आसनी स्पिटफायर आली. 1956 मध्ये व्हँपायर ही पहिली जेट आली आणि तिच्यासाठी बाल्डोनेलला काँक्रीटची धावपट्टी बांधावी लागली. व्हँपायरनंतर फ्रेंच फूगा मॅजिस्टर आली. 1990 च्या दशकाच्या अखेरीस ती निवृत्त झाली आणि आयर्लंडचा लढाऊ जेटचा अध्याय तिथेच संपला.

या दलाचं मोठेपण ज्याने घडवलं, ते हेलिकॉप्टर आलं 1963 च्या नोव्हेंबरात. आदल्या हिवाळ्यात बर्फाने कित्येक गावांचा संपर्क तुटला होता आणि मदत पोचवायला देशाकडे एकही हेलिकॉप्टर नव्हतं. फ्रान्सकडून अलुएत 3 घेतली, आणि पुढे त्यांची संख्या आठ झाली. भारतीय वाचकाला हे यंत्र अनोळखी नाही. हिंदुस्थान एरोनॉटिक्सने परवान्याखाली बनवलेलं 'चेतक' ते हेच. मुंबईत कुलाब्याच्या नौदल तळावरून त्याने वर्षानुवर्षं उड्डाणं केली. आयर्लंडमध्ये अलुएतने बुडत्या बोटींवरून माणसं उचलली, रुग्णांना इस्पितळात पोचवलं, उत्तर आयर्लंडच्या सरहद्दीवर गस्त घातली. 2007 मध्ये ती निवृत्त झाली तेव्हा सगळ्यांचे मिळून 77,000 उड्डाणतास भरले होते. एवढ्या छोट्या ताफ्याने एवढं काम उपसलेलं क्वचितच दिसतं.

1986 पासून समुद्रावरच्या बचावासाठी डॉफिन हेलिकॉप्टर आली. 1 जुलै 1999 रोजी वॉटरफर्डच्या तळावर चोवीस तासांची बचावसेवा सुरू झाली आणि त्याच रात्री पहिला फोन आला: धुक्यात एक छोटी बोट वाट चुकली होती. 'रेस्क्यू 111' हे डॉफिन निघालं. बोटीवरची माणसं सुखरूप किनाऱ्याला लागली. परतताना वॉटरफर्डचा विमानतळ धुक्यात बुडालेला. उतरण्याचे प्रयत्न फसले आणि मध्यरात्रीनंतर ट्रामोरच्या वाळूच्या टेकड्यांवर हेलिकॉप्टर आदळलं. कॅप्टन डेव्ह ओफ्लाहर्टी, कॅप्टन मिक बेकर, सार्जंट पॅडी मूनी आणि कॉर्पोरल नायल बर्न असे चौघेही गेले. चौकशीत ठपका वैमानिकांपेक्षा व्यवस्थेवरच जास्त आला. रात्रीची सेवा जाहीर करताना तिच्यासाठी लागणारी तयारी वरिष्ठांनी पुरी केली नव्हती.

त्यानंतर थोड्याच वर्षांत समुद्रबचावाचं काम एअर कोअरकडून काढून खासगी कंपनीला दिलं गेलं. चूक होती ती तयारीत. ती सुधारायची सोडून कामच काढून घेणं मला अजून पटत नाही. 2004 मध्ये स्वित्झर्लंडची आठ पीसी 9 विमानं प्रशिक्षणासाठी आली. पंख्याच्या या विमानांना मशीनगन लावता येते, पण वेगाने जाणाऱ्या जेटचा पाठलाग त्यांना जमणारा नाही. माणसं वाचवण्याचं काम 2012 मध्ये वेगळ्या वाटेने परत आलं. अॅथलोनच्या छावणीतून एअर कोअरचं हेलिकॉप्टर आणि रुग्णवाहिका सेवेचे कर्मचारी मिळून खेड्यापाड्यांतल्या अत्यवस्थ रुग्णांना इस्पितळात नेऊ लागले.

2023 मध्ये समुद्रगस्तीसाठी दोन सी 295 विमानं आली. रडारची मागणी जोर धरते आहे. लढाऊ जेट घ्यावीत की नाहीत, यावर डब्लिनमध्ये पुन्हा वाद रंगतो. जेट जरूर घ्यावीत. स्वतःच्या आकाशात कोण शिरलं हे कळणं आणि त्याला अडवता येणं हा कुठल्याही देशाचा हक्क आहे. पण त्याआधी माणसं टिकवावी लागतील. चांगल्या पगारासाठी वैमानिक विमान कंपन्यांकडे जातात आणि माणसं अपुरी पडली म्हणून मधल्या काळात अॅथलोनचं हेलिकॉप्टरसुद्धा काही दिवस जमिनीवर उभं ठेवावं लागलं होतं.