गाजरगवत : शिवारातील प्रश्न व संशोधनाची संधी

शिरूर व दौंड तालुक्यांतील शेतकऱ्यांना गाजरगवताची ओळख करून देण्याचे कारण नाही. बांध, पडीक रान, गायरान व कालव्याचे भराव यांवर ते सर्वत्र दिसते. काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी या नावांनीही ते परिचित आहे. हे तण मूळचे अमेरिका खंडातील, मेक्सिको व त्याच्या आखाताभोवतालच्या प्रदेशातील. १९५५ साली ते पुण्यातील उकिरड्यांवर आढळले व आर्. एस्. राव यांनी १९५६ साली त्याची शास्त्रीय नोंद प्रसिद्ध केली. पुढे ते देशभर पसरले. परकी वनस्पती नवा मुलूख कशी व्यापते, याचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रास वनस्पती-आक्रमणाचे परिस्थितिविज्ञान म्हणतात.

ते इतके का फोफावते?

मायदेशी या तणास खाणारे अनेक कीटक आहेत. येथे ते नव्हते. उगवणीनंतर सुमारे चार आठवड्यांत ते फुलावर येते आणि एक जोमदार झाड हजारो बी टाकते. हे हलके बी वारा, पाणी, वाहनांची चाके व शेणखत यांबरोबर दूर जाते. झाडातील पार्थेनिन हे द्रव्य शेजारच्या वनस्पतींची वाढ रोखते. जनावरे ते सहसा खात नाहीत. खुरपणी करणाऱ्यांच्या अंगास खाज सुटते व काहींना दम्याचा त्रास होतो.

भुंग्याचा उपाय व त्याची मर्यादा

१९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा हा भुंगा बंगळुरास आणला गेला व १९८४ पासून सोडण्यात आला. भुंगा व त्याची अळी दोन्ही गाजरगवताची पाने खातात. मात्र पावसाळा सरल्यावर पुष्कळसे भुंगे जमिनीत शिरून सुप्तावस्थेत जातात. जिराईत रानात तेव्हा तणही वाळते. परंतु कालव्याखालील बागाईत जमिनीत ओल टिकते, तण उगवून फुलते आणि त्याचा शत्रू मात्र झोपलेला असतो. उन्हाळ्यात कालव्याकाठी तयार झालेले बी पुढील खरिपात जिराईत रानात किती येते? ओल्या जमिनीत भुंगे लवकर जागे होतात काय? जिराईत व बागाईत शेजारी-शेजारी असलेल्या या दोन तालुक्यांत ही उत्तरे शोधणे सोईचे आहे.

दुसरा प्रश्न तरोट्याच्या कुळातील कॅसिया युनिफ्लोराचा. ती गाजरगवतास हटविते खरी. पण तीही अमेरिकेतूनच आलेली आहे व गुरे ती सहसा खात नाहीत. तेव्हा एका तणाच्या जागी दुसरे आणून गायरानास लाभ किती, हे मोजून पाहावयास हवे.

संशोधनाची संधी

वनस्पतिशास्त्र, कीटकशास्त्र किंवा कृषिविद्या या विषयांत पीएच्. डी. झालेल्या आपल्या मुलामुलींना हे काम करता येईल. राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाची पीएच्. डी.-उत्तर अधिछात्रवृत्ती दोन वर्षांची असते. तेवढ्या काळात दोन पावसाळे व दोन उन्हाळे पाहता येतात. त्यासाठी मान्यताप्राप्त संस्थेतील मार्गदर्शकाची संमती लागते. पुण्याची आघारकर संशोधन संस्था, राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ व जबलपूरचे तण संशोधन संचालनालय येथे चौकशी करावी. वयोमर्यादा व इतर अटी अर्जापूर्वी पाहून घ्याव्यात.

शेतकऱ्यांनी काय करावे?

१. फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून तण मुळासकट उपटावे.
२. फुलावर आलेले तण खताच्या खड्ड्यात टाकू नये.
३. पडीक जागी भुंगे असलेली झाडे तशीच राहू द्यावीत.
४. पहिला पाऊस, पहिला भुंगा व पहिले फूल यांच्या तारखा वहीत लिहाव्यात.

एकट्याने आपले शेत स्वच्छ केले तरी शेजारच्या भरावावरील बी पुन्हा येतेच. म्हणून सर्व गावाने एकाच आठवड्यात हे काम करावे. आपल्या वहीतील तारखा उद्याच्या संशोधकास मोलाच्या ठरतील आणि त्याचे निष्कर्ष आपल्याच शिवारास उपयोगी पडतील.