लवचीक धातूची नळी आणि दोषप्रवाहाचा परतमार्ग

पोलादी पट्टी सर्पिलाकार गुंडाळून केलेल्या लवचीक नळीतून मोटरपर्यंत वीजतारा नेल्या जातात, आणि नळी धातूचीच असल्यामुळे अर्थिंगला ती पुरेशी आहे असा समज सहज होतो; अमेरिकेच्या नॅशनल इलेक्ट्रिकल कोडने मात्र तिला हे काम फार जपून दिले आहे.

दोष उद्भवल्यावर ब्रेकर पाडण्याचे काम जमिनीत पुरलेली सळई करत नाही. तिचा रोध 25 ओहम धरला, तरी 120 व्होल्टला जेमतेम 4.8 अँपिअर वाहतात आणि 20 अँपिअरचा ब्रेकर हलतही नाही. ते काम बाँडिंगचे, म्हणजे उपकरणाचे कवच, नळी आणि पॅनेल यांना धातूने सलग जोडून दोषप्रवाहाला उगमाकडे परतण्याची सुकर वाट देण्याचे, असते. लवचीक नळीत ही वाट वेटोळ्यांच्या असंख्य सांध्यांतून जाते. सांधे सैल वा गंजलेले असले की संरोध, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणारा एकूण विरोध, वाढतो आणि ब्रेकर पडण्याआधी नळीच तापते.

म्हणूनच कलम 250.118 नुसार परतमार्गातील अशा नळीची एकूण लांबी 6 फुटांपेक्षा व तारांचे संरक्षण 20 अँपिअरपेक्षा अधिक नसेल आणि जोडसाहित्य प्रमाणित असेल, तरच, इतर अटी पाळून, नळीला अर्थिंगची वाहक मानता येते. कंपन वा हालचालीसाठी लवचीकता हवी असेल तेथे, लांबी कितीही असो, स्वतंत्र अर्थिंग तार बंधनकारक असते. मोटरची जोडणी बहुधा याच प्रकारात मोडत असल्याने ही सवलत तेथे जवळजवळ निरुपयोगीच ठरते.